लाल ठिपक्यावरचे पीच

तो आमच्याकडे आलाच नव्हता मुळी. तक्रार तिसऱ्या मजल्यावरची होती, आमचं दार दुसऱ्यावर. जिन्यातला दिवा गेलेला, बाहेर पावसाची रिपरिप, आणि मजले मोजताना तो एक मजला चुकला... एवढंच.

बेल वाजली. मी दार उघडलं तर समोर एक भिजलेली छत्री, खांद्याला अवजारांची पिशवी, आणि छत्रीमागून आवाज—

"ओव्हन बिघडलाय ना?"

"हो... पण तुम्हाला कसं कळलं?"

छत्री बाजूला झाली. भुवयांवर पावसाचे थेंब, आणि त्याखाली अगदी निरागस, बुचकळ्यात पडलेले डोळे. "मॅडम, तुम्हीच फोन केलात."

"मी? छे!"

आमचा ओव्हन बिघडला होता खरा. गेले तीन आठवडे तो नुसताच दिवा लावून बसायचा. पण आम्ही कुणाला बोलावलं नव्हतं.

"कोण आहे गं?" आतून आत्याने विचारलं.

"ओव्हनवाले आहेत. चुकून आलेत."

"चुकून कसे? देवाने धाडलं असेल. आत घे, आणि छत्री बाहेर ठेवायला सांग. फरशी आत्ताच पुसलीय."

आई गेल्यापासून मला वाढवलं ते या आत्याने. दिवसभर देवाचं गाणं म्हणत काम करायची आणि ताल चुकला की भांड्यांवर राग काढायची. तिचं म्हणणं असं की देव द्यायचं म्हणतो तेव्हा दार चुकवून देतो. सरळ दाराने दिलं तर माणसाला वाटतं, आपणच कमावलं.

तो वर तिसऱ्या मजल्यावर जाऊन दाराला कुलूप बघून आला आणि मुकाट्याने आमच्या ओव्हनपुढे मांडी घालून बसला. मागचं झाकण काढलं, जळालेली कॉइल बदलली. हात मोठे होते, पण स्क्रू काढताना बोटं अशी हळू फिरायची की जणू कुणाच्या केसातली गाठ सोडवतोय. मी उगाचच ओटा तिसऱ्यांदा पुसला.

"झालं," तो म्हणाला. "आता आच सगळीकडे सारखी लागते का बघू." आणि पिशवीतून त्याने पावाचं पाकीट काढलं.

"थांबा!"

मी एवढ्या मोठ्याने ओरडले की आत्याचं गाणं थांबलं.

"मॅडम, चोरीचा नाहीये," तो दचकून म्हणाला. "जाळीवर सहा स्लाइस मांडायचे. कुठला आधी लाल होतो ते बघायचं. आम्ही सगळे असंच करतो."

"या घरात गहू येत नाही," मी म्हणाले. "मला चालत नाही. नखाएवढा कण पोटात गेला तरी चार दिवस अंथरूण. आतडी सोलवटून निघतात."

आता तो म्हणेल, 'एवढंसं काय होतं हो?' जन्मभर सगळे तेच म्हणत आले. नातेवाईक, शेजारी, मी जिथे फाटकी पुस्तकं शिवते त्या वाचनालयातल्या बाया. पुस्तकांना लावायची खळसुद्धा मी तांदळाची करते, तर त्यावरही हसतात. मी तयारीत उभी राहिले.

तो उठला. पाकीट जसं होतं तसं पिशवीत घातलं, पिशवी दाराबाहेर नेऊन ठेवली. परत आला तो थेट मोरीत गेला आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. मग ओले हात तसेच पुढे धरून म्हणाला, "मी जाळीला हात लावलाय. ती घासून देऊ?"

पोरींनो, कुणी कविता म्हणून दाखवल्या असत्या तरी माझं काही झालं नसतं. पण त्याने जाळी घासली... आणि मी गेले!

"आता कशावर तपासायचं?" त्याने विचारलं.

टोपलीत पीच होते. जरा जास्तच पिकलेले, बोट लावलं तर रुसणारे. मी तीन घेतले, मधोमध चीर दिली, दोन्ही हातांनी हलकेच पिळून अर्धे केले आणि बिया काढल्या. बदामाचं पीठ, त्याच्या निम्मी तांदळाची पिठी, साखर, चिमूटभर मीठ, आणि थंडगार लोणी बोटांच्या टोकांनी चुरत-चुरत आत घातलं, भरड रेतीसारखं होईपर्यंत. तो चुरा पीचच्या सहा वाट्यांत भरला. "हे घ्या तुमचे सहा स्लाइस."

पस्तीस मिनिटं आम्ही दोघं ओव्हनच्या काचेपुढे जमिनीवर बसलो. आत पीचचा रस कडेकडेने उकळायला लागला, बदामाचा वास खोलीभर झाला.

"मागचा डावा कोपरा," तो कुजबुजला. "बघा, तो आधी लाल झाला. उतावळा आहे."

"ओव्हनबद्दल बोलताय ना?"

"मग कुणाबद्दल?" तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला— मागच्या डाव्या कोपऱ्याच्याही आधी.

बटणावरचे आकडे खोटं बोलतात, असं त्याने सांगितलं. एकशेऐंशी लिहिलंय तिथे आच दोनशेची आहे. खरी एकशेऐंशी कुठे आहे ते त्याच्या थर्मामीटरने शोधलं आणि माझी लाल नेलपॉलिश मागून घेऊन बटणाच्या कडेला एक ठिपका दिला. "आकड्याकडे बघू नका. इथपर्यंत फिरवायचं. बस्स."

मग त्याने पीच खाल्ला. डोळे मिटून, शेवटच्या घासापर्यंत. आणि शेवटी म्हणाला, "पुढच्या शनिवारी परत तपासावं लागेल."

"एवढा बिघडलाय?"

"ओव्हन... ओव्हन ठीक आहे."

आत्या आतून खोकली. तिला खोकला कधीच नव्हता.

*

पीचचे दिवस थोडे असतात, सात-आठ शनिवार. त्या प्रत्येक शनिवारी आमचा ओव्हन तपासला गेला. आत्या म्हणायची, "एवढी तपासणी डॉक्टरने माझी केली असती तर मी शंभर वर्षं जगले असते." तो आला की आधी हात, मग जाळी, मग गप्पा. येताना धुतलेला शर्ट, पिशवी दाराबाहेर. 'तुम्ही' कधी गळून पडलं आणि 'तू' कधी आलं, आठवत नाही. बहुधा लोणी चुरताना. लोणी चुरताना माणसाने जपून बोलावं. बोटं गुंतलेली असतात, जीभ मोकळी सुटते.

पाचव्या शनिवारी तो ओव्हनपुढे बसून ठिपक्याकडे बघत राहिला.

"काय झालं?"

"आज तिसरा दिवस," तो म्हणाला.

"कशाचा?"

"मी पाव खाल्लेला नाही."

"का रे, पोट बिघडलं?"

"पोट नाही..." तो अडखळला. "मी वाचलं कुठेतरी— की समोरच्याने पाव खाल्ला असेल... आणि मग त्याने... म्हणजे नुसत्या ओठांवरूनही तुला त्रास होऊ शकतो. म्हणून म्हटलं, आधी... म्हणजे तू 'हो' म्हणालीस तर..."

मला आधी हसू आलं, मग डोळ्यात पाणी आलं, मग दोन्ही एकदम.

"वेड्या, तीन दिवस कशाला? दात घासले असतेस तरी चाललं असतं."

"उगाच धोका कशाला घ्या?"

आत्या गात होती. पुढच्या कडव्यावर ती थोडी मोठ्याने गायली, आणि खूप वेळ गायली. तेवढ्या वेळात काय झालं ते मी सांगणार नाही. पीच मात्र करपले. सहाच्या सहा.

त्यानंतर आम्ही करपलेलेच खाल्ले, तेव्हा त्याने ती गोष्ट सांगितली. इतके दिवस त्याने तिला हातच लावला नव्हता.

"माझ्या बाबांची बेकरी आहे."

मी चमचा खाली ठेवला.

"मी सोडून आलो ती. पहाटे तीनला उठायचं, पीठ मळायचं... नको झालं. ओव्हन आवडायचे म्हणून दुरुस्ती शिकलो. पण बाबांचा उजवा हात आता साथ देत नाही. मी एकटाच मुलगा."

बाहेर पाऊस थांबला होता. मला आठवतं, कारण त्याची रिपरिप ऐकू येईनाशी झाली आणि माझ्याच छातीतली धडधड ऐकू यायला लागली.

*

शेवटच्या पीचच्या आठवड्यात तो मला तिथे घेऊन गेला. मी समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. भट्टीचं उघडं दार, तिरकं ऊन, आणि उन्हाच्या पट्ट्यात तरंगणारं पांढरं पीठ. इतकं सुंदर दिसत होतं की क्षणभर विसरायला झालं, ते माझं विष आहे.

त्याचे बाबा बाहेर आले. रुंद खांदे, पापण्यांवरसुद्धा पीठ. मला बघून सगळा चेहरा उजळला. हात पुढे केला, मग स्वतःच तो पांढरा हात बघून झटक्याने मागे घेतला.

"ये पोरी— नाही, येऊ नकोस! तिथेच थांब. अरे, खुर्ची दे तिला. पुसून दे, गाढवा! ओल्या फडक्याने!"

आणि मग त्यांनी माझ्यासाठी केलेलं आणलं. झाकलेल्या डब्यात, पीचचं. मुलाला विचारून, बाजारातून नवा डबा, नवा चमचा, बदामाचं पीठ, तांदळाची पिठी. घरातल्या लहान ओव्हनमध्ये, डाव्या हाताने. "गव्हाचा कण नाही यात," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा गव्हाशिवाय काही केलं. दुसऱ्या बाईवर नजर टाकल्यासारखं वाटत होतं."

आम्ही तिघंही हसलो. मी खाल्लं. माझ्या पीचपेक्षा कितीतरी चांगलं होतं. बाप कारागीर माणूस. मी दोनदा घेतलं.

रात्रीपासून जे सुरू झालं ते पाच दिवस चाललं. आत्या उशाशी बसून देवाचं नाव घेत होती, मध्येच देवाला रागावत होती.

सहाव्या दिवशी तो आला तेव्हा चेहरा राखेसारखा होता. "बाबांना आठवलं," तो म्हणाला. "सगळं नवं वापरलं. पण ट्रेमध्ये चुरा घालायच्या आधी... त्यांचा हात आपोआप घरातल्या मैद्याच्या डब्यात गेला. चिकटू नये म्हणून ट्रेला चिमूटभर मैदा शिंपडतात. चाळीस वर्षं रोज शंभरदा. त्यांना कळलंही नाही. माझे हे हात तोडून टाका म्हणतात. दोन दिवस जेवले नाहीत."

मी म्हणाले, "त्यांना सांग, त्यात दोष नाही. तो हात दुसरं काही शिकलाच नाही." आणि बोलताबोलताच मला कळलं, की मी फक्त बाबांबद्दल बोलत नाहीये.

*

तो बेकरीत परतला. परतावंच लागलं. उजवा हात पार लुळा पडला होता. बाबांना आता पिठाचा नारळाएवढा गोळाही उचलेना.

पण आम्ही सोडलं नाही, बरं का. लोक म्हणतात प्रेमात माणूस आंधळा होतो. आम्ही तर भिंग घेऊन बसलो होतो. दुपारी काम संपलं की तो बेकरीत आंघोळ करायचा, मित्राच्या खोलीवर दुसरी करायचा, वेगळे कपडे, वेगळ्या चपला. आमच्या जिन्यात उभा राहून केस विंचरायचा, कानामागे ओला रुमाल फिरवायचा, नखं ब्रशने घासायचा. शेजारीण म्हणाली, "लग्नाआधीच एवढा नटतो, नंतर काय करेल!"

आठ-नऊ महिने असं चाललं. थंडीत त्याच्या बोटांची कातडी फाटली. सांध्यांवर लाल चिरा पडल्या. मी मलम लावायची आणि तो म्हणायचा, "काही नाही गं."

तरी मी दोनदा आजारी पडले. पीठ कुठून येतं? पापणीतून, बुटाच्या नाडीतून, श्वासातून. तिसऱ्यांदा आजारी पडले तेव्हा मी ते त्याच्यापासून लपवलं. सुजलेलं पोट ओढणीखाली झाकून समोर बसले, हसले. पण आत्याला राहवलं नाही. तिने सांगितलं.

तो ऐकून उठला, मोरीत गेला. नळ सुरू झाला. बराच वेळ झाला तरी बंद होईना. मी जाऊन पाहिलं तर तो हात घासत होता. साबणाचा फेस गुलाबी झाला होता.

मी नळ बंद केला.

"बेकरी बंद करतो," तो म्हणाला. "बाबाही तेच म्हणतात. काल म्हणाले, पोरीपेक्षा भट्टी मोठी नाही."

मी त्याचे हात माझ्या ओढणीत घेऊन पुसले.

दोन दिवसांनी पहाटे मी एकटीच जाऊन त्या समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. कुणाला सांगितलं नव्हतं. उजाडत होतं. दारापुढे माणसं गोळा झाली होती— रात्रपाळी संपवून निघालेली नर्स, झाडूवाला, शाळेच्या गणवेशातल्या दोन बहिणी, काठी टेकत आलेले एक आजोबा. बाबा डाव्या हाताने गरम पाव कागदात गुंडाळून देत होते. प्रत्येकाला काहीतरी बोलत होते. आजोबांना दात नव्हते म्हणून त्यांच्या पावाची कडा कापून देत होते. आणि आत, भट्टीच्या उजेडात, तो. हातभर लांब फळीवरून पाव आत सरकवताना त्याने मान जराशी तिरकी केली, आणि मला त्याचा चेहरा दिसला.

इतके दिवस तो मला सांगत होता, नको झालं होतं ते काम. खोटं होतं. त्याला ते काम आवडत होतं. माझ्या ओव्हनपुढे बसून तो ज्या नजरेने काचेत बघायचा, तीच नजर होती ती. मी ती ओळखते. ती माझीच आहे, असं मी समजत होते.

देवा, म्हटलं, तूच दार चुकवून पाठवलंस. आता परतीचं दार मलाच उघडायला लावतोस होय?

*

त्याच आठवड्यात नव्या मोसमाचे पहिले पीच आले, तो शनिवार. मी सहा वाट्या भरल्या. तो नेहमीसारखा जमिनीवर बसला, हातांना पट्ट्या. ठिपक्यापर्यंत बटण मी फिरवलं.

"बेकरी बंद करायची नाही," मी म्हणाले.

"मग?"

काचेत आमची दोघांची डोकी दिसत होती, मध्ये पीच.

"मग मी काय करू?" त्याचा आवाज बदलला. "बोल ना. अजून एकदा आंघोळ करू? तीनदा करतो. टक्कल करतो!"

"वाईट दिसशील."

"हसू नकोस..."

"हसत नाहीये रे."

हसत नव्हतेच मी. तो गुडघ्यांवर डोकं टेकून बसला. तसाच म्हणाला, "माझ्यासाठी थोडं आजारी पडता आलं असतं तर तू पडली असतीस."

"पडलेच की. तीनदा."

"मग माझ्यासाठी मला बेकरी सोडू दे."

"सोडशील. मला माहीतय, सोडशील. आणि मला कधी बोलूनही दाखवणार नाहीस. पण रोज पहाटे तीनला तुला जाग येईल, आणि मी शेजारी झोपेचं सोंग घेऊन पडलेली असेन." मी त्याच्या पट्टीची सुटलेली गाठ नीट केली. "हे हात मला असे बघवत नाहीत. पिठात होते तेव्हा बरे होते."

आत्या गात नव्हती. त्या दिवशी सगळ्या घरात फक्त रस उकळल्याचा आवाज होता.

मागचा डावा कोपरा लाल झाला. मी ट्रे काढला. तो कोपऱ्यातला, जरा करपलेला पीच त्याने उचलला, फुंकर घातली आणि आधी मला भरवला. मग त्याच चमच्याने स्वतः खाल्ला. आम्ही सहाही संपवले. एकही शिल्लक ठेवला नाही. ठेवला असता तर त्यासाठी थांबावं लागलं असतं.

दारात त्याने चपला घातल्या. आत्या बाहेर आली आणि तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "येत जा" म्हणायची तिला सवय. ओठ हलले, पण ते शब्द काही बाहेर आले नाहीत. म्हणाली, "सावकाश उतर रे बाळा. दिवा गेलाय."

"मजले मोजून उतरतो, आत्या," तो म्हणाला.

*

यंदा सहा वर्षं झाली. बेकरी चालू आहे. नर्सबाई वाचनालयात येतात, त्यांच्याकडून कळतं. बाबा खुर्चीत बसून गिऱ्हाइकांशी बोलतात. ट्रेला मैदा लावायचं काम मात्र त्यांनी कायमचं सोडलं. ते मुलगा करतो.

दर वर्षी पीचच्या पहिल्या शनिवारी आमच्या दाराच्या कडीला एक पिशवी अडकवलेली असते. बेल वाजत नाही, कडी तेवढी हलते. कागदाच्या कोऱ्या पिशवीत दुसरी कोरी पिशवी, आत तीन पीच, धुतलेले, थोडे जास्त पिकलेले. मी दार उघडते तोवर जिन्यात पावलं वाजत असतात, खाली जाणारी. मी हाक मारत नाही. तो थांबेल म्हणून मारत नाही.

मी तिन्ही पीच अर्धे करते. लोणी चुरते. बटण आकड्याकडे न बघता फिरवते. ठिपका फिकट झालाय, पण बोटाला लागतो.

पिशवीच्या तळाशी एक चिठ्ठी असते. दर वर्षी एकच ओळ, त्याच गोल अक्षरात— 'तीन दिवस पाव खाल्लेला नाही.'

मी ती चिठ्ठी ओठांना लावते. जगात बाहेरून आलेली एवढी एकच वस्तू आहे, जी मी न तपासता, न पुसता, न घाबरता ओठांना लावते.